दोन गाठींची तार

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सहा यंत्रे आहेत. सातवे यंत्र भिंतीत बसवलेले आहे. ते कपडे धूत नाही, नोट गिळते आणि तिच्या बदल्यात पितळी बिल्ले देते. बिल्ला टाकला की धुण्याचे यंत्र सुरू होते. या सातही यंत्रांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सारी इमारत ‘टेलिफोन’ म्हणत असे, कारण एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात केबलजोडारी म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. धुलाईघराला लागूनच एका खिडकीची खोली आहे, तिथे ते एकटे राहत. खोली कामाबरोबर मिळालेली होती. काम सुटले की खोलीही सुटणार, असे करारात स्वच्छ लिहिलेले होते.

मला ते पहिल्या दिवसापासून पटले नव्हते. मी चौदाव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावलेली सवय आहे ती, आणि वेळ घातल्याशिवाय नोंद करायची नाही हेही त्यांनीच शिकवले. ते कामावर आले त्या दिवशी मी लिहिले आहे: ‘सकाळी साडेदहा. नवे यंत्रवाले आले. माणूस उंच, स्वच्छ. प्रश्नाला उत्तर देण्याआधी प्रश्न विचारतो.’

ही शेवटची खोड मला फार खटके. एकदा माझी बादली खाली राहिली. मी विचारले, “माझी हिरवी बादली पाहिलीत का?”

“दांडी कशी होती?”

“दांडीचं काय घेऊन बसलात? हिरवी बादली.”

“दांडी सांगा बाई, लगेच काढून देतो.”

संध्याकाळी माझ्या दाराशी दोन बादल्या ठेवलेल्या होत्या. एक माझी, दुसरी कोणाची तरी विटकरी रंगाची. “यातली तुमची ठेवा, दुसरी मी नेतो,” म्हणाले. मी वहीत लिहिले, ‘थट्टा करतो की काय?’ आणि खाली रेघ मारली.

काम मात्र चोख होते. यंत्राला कान लावून आतला कुठला पट्टा सैल झाला ते सांगत. तारेचे कवच दातांनी असे सोलत की आतल्या तांब्याला ओरखडाही जात नसे. पण हात चांगला म्हणून नियत चांगली, असे मानण्याइतकी मी भोळी नाही. निदान तेव्हा मला तसे वाटत होते.

ज्या वर्षाची ही हकीकत आहे त्या वर्षी सरकारने नव्या नोटा काढल्या. आकार तोच, चित्र वेगळे. आमच्या सातव्या यंत्राने त्यांना ओळख दाखवायला साफ नकार दिला. नोट आत सरकवली की अर्धी जायची, आत काहीतरी घुर्र व्हायचे आणि जीभ दाखवावी तशी ती परत बाहेर यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना तर यंत्राने एकाच सकाळी सात वेळा जीभ दाखवली. “वर्गातली मुलं बरी,” असे म्हणून त्या मळक्या चादरींसकट वर गेल्या.

दोन दिवसांत सेक्रेटरींनी एका कंपनीचा माणूस आणला. त्याच्या टायवर छोटी छोटी जहाजे होती, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायला लागलो. त्याने चकचकीत कागद वाटले. सगळी यंत्रे बदलायची, नोटांऐवजी कार्ड चालेल, देखभालीला कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येईल.

“मग आमच्या टेलिफोनचं काय?” माझ्या नणंदेने विचारले.

“त्यांची गरज उरणार नाही,” टायवाला हसून म्हणाला. “त्या खोलीत आम्ही सुटे भाग ठेवू.”

टेलिफोन तिथेच, सहाव्या यंत्राला टेकून उभे होते. ते म्हणाले, “यंत्र चांगलं आहे. त्याला फक्त नव्या नोटेची ओळख करून द्यायची आहे. आठ दिवस द्या.”

“ओळख? चहाला बोलावणार की काय नोटेला?” सेक्रेटरी म्हणाले, आणि सगळे हसले.

“लॅपटॉपमधून माहिती भरावी लागते. फाईल यंत्र विकणाऱ्यांनी पाठवली आहे. लॅपटॉप आणि यंत्र यांच्यामधली केबल मात्र आता कुठे मिळत नाही. सिरियल केबल म्हणतात तिला. ती मी घरी करतो.”

सेक्रेटरींनी घड्याळ बघावे तसे कॅलेंडर बघितले. पुढच्या रविवारी दहा वाजता सभा. तोवर यंत्राने नवी नोट घेतली तर ठीक, नाही तर टायवाल्याच्या कागदावर सही.

आता या कामात मी कशी आले ते सांगते. नोटांच्या यंत्राला दोन कुलुपे आहेत आणि ते एकट्या माणसाने उघडायचे नाही असा नियम आहे. एक किल्ली यंत्रवाल्याकडे, दुसरी माझ्याकडे. पूर्वी ती माझ्या यजमानांकडे असे. त्यांच्या पश्चात कोणी परत मागितली नाही, आणि मीही दिली नाही. त्यामुळे यंत्र उघडे असेपर्यंत मला तळघरात बसणे भाग होते. मी खुर्ची, उशी आणि वही घेऊन बसले.

सोमवारी त्यांनी काम मांडले. एका मोडीत निघालेल्या यंत्राची शेपटी त्यांनी कापून आणली होती. एका टोकाला यंत्रात बसणारा प्लग, दुसऱ्या टोकाला पाच रंगांच्या मोकळ्या तारा. या तारा लॅपटॉपला लागणाऱ्या नऊ छिद्रांच्या खोबणीशी जोडायच्या होत्या.

“पाचही जोडायच्या?” मी विचारले.

“नाही. एक विजेची, ती वेगळी जाते. एक यंत्राचं तोंड, ते लॅपटॉपच्या कानाला. एक यंत्राचा कान, तो लॅपटॉपच्या तोंडाला. एक दोघांच्या पायाखालची जमीन. पाचवी बिल्ल्यांच्या पेटीकडे जाते, ती या कामात मोकळी ठेवायची.”

“म्हणजे खरी नोट कोणती हे यंत्राला तुम्ही शिकवणार.”

“मी नाही बाई, फाईल शिकवणार. मी नुसता निरोप पोचवणार.”

“आणि फाईल खरी कशावरून?”

“विकणाऱ्यांचं पत्र सेक्रेटरींकडे आहे.”

“पत्र काय, मीही टाइप करू शकते.”

“करा की. मग केबलपण तुम्हीच करा, मी खुर्चीत बसतो.”

मी हा संवाद शब्दशः उतरवून घेतला आहे. ज्याला यंत्राला खरी नोट शिकवता येते त्याला साधा कागदही नोट म्हणून शिकवता येईल, आणि मग रोज थोडे थोडे कागद घालून बिल्ले काढून घ्यायला कोण अडवणार? हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो निघेना.

त्यातून माझ्या नणंदेचे प्रकरण सुरू झाले. आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर राहतो. वन्सं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तेव्हा अडुसष्टच्या. लग्न केले नाही, आणि त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटल्याचे माझ्या वहीत तरी नाही. त्यांचे विणकाम सतत चालू असते. सोमवारी चार वाजता त्या चहाचा थर्मास आणि लोकरीची पिशवी घेऊन खाली आल्या. मी औषध घ्यायला वर गेले होते. परत जिना उतरताना टेलिफोनचा आवाज कानावर आला, अगदी हलका केलेला.

“ताई, तुमच्या पिशवीतला कुठला गुंडा या तारेला जवळचा वाटतो?”

मी जिन्यावर थांबले. वन्सं हसल्या. मग हसू मध्येच थांबले, आणि त्या फार मऊ आवाजात काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आले नाही. मी खाली पोचले तेव्हा दोघेही चहा पीत होते आणि कोणीच बोलत नव्हते.

“वन्सं, काय चाललंय?” मी वर आल्यावर विचारले.

“काही नाही, वहिनी. लोकरीचं बोलत होतो.”

“पासष्टीचा पुरुष लोकरीचं बोलतो?”

“का? थंडी काय फक्त बायकांना वाजते?”

मंगळवारी तीन तारांवर लोकरीचे तुकडे दिसले. प्रत्येक तुकड्याला गाठी मारलेल्या होत्या. एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. उरलेल्या दोन, पिवळी आणि निळी, यांना काहीच नव्हते. मी विचारले, “हे काय?” ते म्हणाले, “खूण.” मी म्हटले, “तारांना रंग आहेत, मग खूण कशाला?” त्यांनी फुंकर मारून टेबलावरची धूळ उडवली, जिथे धूळ नव्हतीच. मी लिहिले: ‘मंगळवार, तीन वाजून चाळीस. गुप्त खुणा. वन्संची लोकर. वन्संना यात ओढले आहे.’

बुधवारी जे झाले ते मी तेव्हा एका ओळीत लिहिले, कारण मला ते महत्त्वाचे वाटलेच नाही. दुपारी तीनला ते सोल्डरची, म्हणजे वितळवून जोड पक्का करायची तार आणायला बाहेर गेले. मी टेबलाशी जाऊन खुणा नीट पाहिल्या. हिरव्या तारेवर पांढरी लोकर होती, ती एका गाठीची. तपकिरी तारेवर नारिंगी लोकर, दोन गाठींची. आणि नारिंगी तारेवर तपकिरी लोकर, तीन गाठींची. म्हणजे उघड उघड अदलाबदल झाली होती. वन्संचा धांदरटपणा, दुसरे काय! मला तिरकी लटकलेली तसबीरसुद्धा सहन होत नाही. मी दोन्ही तुकडे अलगद सोडवले आणि नारिंगी लोकर नारिंगी तारेला, तपकिरी लोकर तपकिरी तारेला बांधली. गाठी जशाच्या तशा राहू दिल्या. मग खुर्चीत येऊन नोंद केली: ‘तीन वाजून दहा. लोकर तारांशी जुळत नव्हती, जुळवून ठेवली.’

त्याच संध्याकाळी मी वन्संना सांगितले, “उद्यापासून तुम्ही खाली यायचं नाही.”

“का?”

“लोक बोलतात.”

“कोण लोक? तळघरात तुम्ही एकट्या असता.”

“मीच बोलते समजा.”

“वहिनी, तुमचं वय झालं तरी तुमचा संशय काही म्हातारा होत नाही,” असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले, आणि गुरुवारी खरेच आल्या नाहीत. रुसल्या की त्या तीन दिवस बोलत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होते.

गुरुवारी सकाळी टेलिफोननी तारा जोडल्या. इवल्याशा खोबणीत एकेक तार धरून तापलेली सळई टेकवायची, थेंब बसला की फुंकर. काम पाहण्यासारखे होते, मी नाकारत नाही. मग केबल लॅपटॉपला लावली, यंत्राला लावली, आणि बटण दाबले. पडद्यावर एक ओळ आली: उत्तर नाही. त्यांनी पुन्हा दाबले. उत्तर नाही. तोंडाची आणि कानाची तार उलटसुलट करून पाहिली. उत्तर नाही. जोड उकलले, पुन्हा घातले. लॅपटॉप बंद करून सुरू केला. दुपारपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“ताई नाही आल्या?” त्यांनी एकदा विचारले.

“येणार नाहीत,” मी म्हटले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, काहीतरी बोलणार असे वाटले, आणि पुन्हा खाली वाकले.

संध्याकाळी मी खिडकीतून पाहिले तर फाटकाशी टायवाला आणि टेलिफोन बोलत उभे होते. टायवाल्याने त्यांच्या खिशात एक छोटे कार्ड सरकवले आणि खांद्यावर थाप मारली. मला सगळा उलगडा झाला. याला यंत्र दुरुस्त करायचेच नाही! आठ दिवस धडपडीचे नाटक करायचे आणि टायवाल्याकडे नोकरी पटकावायची.

शुक्रवारी मला पुरावाही मिळाला. ते जेवायला गेले असताना मी त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवलेला कागद ओढून वाचला. त्यावर तारांचे रंग लिहिले होते. हिरवी म्हणजे यंत्राचे तोंड. तपकिरी म्हणजे यंत्राचा कान. नारिंगी मोकळी सोडावी. आणि खोबणीत जोडलेली तार नारिंगी होती! तपकिरीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती बाजूला वळवून ठेवलेली. पहिलीतले पोरही असे चुकणार नाही. एकतीस वर्षे तारा जोडलेला माणूस चुकून असे करील?

मी त्यांना काही बोलले नाही. वर जाऊन स्वच्छ अक्षरात सेक्रेटरींना पत्र लिहिले, ‘रोजनिशीवरून उतरविले’ अशी खाली टीप घातली, आणि स्वतः नेऊन दिले.

“काकू, तुमची नोंद म्हणजे काम झालं,” सेक्रेटरी म्हणाले.

शनिवारी टेलिफोनचा चेहरा उतरलेला होता. दाढी केलेली नव्हती. त्यांनी खोलीतली भांडी एका खोक्यात भरायला घेतली होती, ते उघड्या दारातून दिसत होते. मला वाटले, टायवाल्याकडे जायची तयारी. चार वाजता जिन्यावर पावले वाजली आणि वन्सं थर्मास घेऊन अवतरल्या.

“वन्सं, मी काय सांगितलं होतं?”

“तीन दिवस ऐकलं, वहिनी. आता पुरे.” त्या सरळ टेबलाशी गेल्या. “झालं का हो?”

“नाही ताई. फाईलच खराब असावी. नाही तर यंत्र बहिरं झालंय.”

वन्संनी चष्मा लावला, खोबणी हातात घेतली, आणि त्यांचा आवाज चढला. “अहो, ही नारिंगी कशी जोडलीत?”

टेलिफोन ताडकन उठले. “नाही हो. दोन गाठींची आहे ती. मी चार वेळा मोजल्या. तपकिरीला तुम्हीच दोन गाठी मारल्यात.”

“मी तपकिरीलाच मारल्या. पण ही तपकिरी नाही. ती बघा तपकिरी, तिकडे पट्टीत गुंडाळलीय, तिला तीन गाठी आहेत.”

“मग गाठी चालत गेल्या का?”

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. ‘यांना ही तार आणि ती तार...’ एवढेच माझ्या मनात आले, आणि पुढचे आपोआप येत गेले. हिरवी बादली. दांडी. लोकरीचा गुंडा. रंगाबद्दल विचारल्यावर उडवलेली नसलेली धूळ.

“तुम्हाला रंग दिसत नाहीत,” मी म्हटले.

वन्सं म्हणाल्या, “वहिनी, हळू.”

“पिवळा दिसतो,” टेलिफोन म्हणाले. “निळा दिसतो. बाकी सगळा चिखल.” मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट करून वन्संना म्हणाले, “म्हणूनच म्हटलं होतं, यांना सांगू नका. या लिहून ठेवतात.”

“गाठी मी हलवल्या,” मी म्हटले. “म्हणजे लोकर हलवली. बुधवारी. रंग जुळत नव्हते म्हणून.”

ते शांतपणे म्हणाले, “बाई, मला आठ दिवस होते. त्यातले तीन तुम्ही नेलेत.”

आरडाओरडा केला असता तर बरे वाटले असते.

“पण मग टायवाल्याचं कार्ड कशाला घेतलंत?” माझ्या तोंडून तरीही निघाले. सवय, दुसरे काय!

“त्याने दिलं, घेतलं. म्हणाला, रस्त्यावर आलात तर फोन करा. त्याच्याकडे गेलो तर पहिल्याच दिवशी डोळे तपासतील.”

सळई तापेपर्यंत वेळ होता. वन्संनी चहा ओतला आणि त्यांनी थोडेथोडे करून सांगितले, बहुतेक वन्संकडे बघून. टेलिफोन खात्यात भरतीच्या वेळी रंगीत ठिपक्यांचे पुस्तक दाखवत आणि ठिपक्यांतला आकडा वाचायला लावत. यांना पहिल्याखेरीज एकही आकडा बरोबर वाचता आला नसता. पण रांगेत पुढे असलेला उमेदवार मोठ्या आवाजाचा होता. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. यांनी ते पाठ केले आणि त्याच क्रमाने म्हटले. पुढे एकतीस वर्षे प्रत्येक खड्ड्यात उतरताना सोबत्याला दम भरत, “हातातल्या तारेचा रंग मोठ्याने म्हण! शिस्त आहे ही!” सगळ्यांना वाटे, काय कडक माणूस आहे. एकदाच सोबती तापाने घरी राहिला. त्या दिवशी एका शिंप्याची तार एका दंतवैद्याला जोडली गेली, आणि दोन दिवस लोक दंतवैद्याला फोन करून विचारत होते, बाह्या कधी मिळतील. चौकशी झाली. ओल आली असावी, असे ठरले. “त्या दोन दिवसांत मी दहा वर्षांचा घाम गाळला,” ते म्हणाले. बायकोला लग्नानंतर सहा वर्षांनी कळले. ती शिवणकाम करी. तिनेच मोज्यांना आतून गाठी मारून दिल्या, करड्यांना एक, तपकिरींना दोन. तेव्हापासून रंगांऐवजी गाठी. ती गेली तरी पद्धत राहिली.

“मग विजेच्या कामाला हात कशाला लावता?” मी विचारले.

“दुसरं काय येतं मला?” त्यांनी तपकिरी तारेवरची पट्टी दातांनी सोडवली. “ताई, हीच ना?”

“हीच.”

“नक्की?”

“या रंगाचा स्वेटर मी दादाला विणला होता. नक्की.”

सव्वापाच वाजता केबल पुन्हा लावली. पडद्यावर उत्तर आले. मग एक बारीक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. तिला चौदा मिनिटे लागली, आणि चौदाही मिनिटे कोणी बसले नाही. मग वन्संनी नवी नोट घातली. अर्धी गेली, घुर्र झाले, आणि पुरी गेली. खाली बिल्ले पडले. टेलिफोननी एक जुनी फाटकी पावती सरकवली, ती यंत्राने लगेच परत दिली. “हे तुमच्यासाठी, बाई,” म्हणाले.

मी तशीच सेक्रेटरींकडे पत्र मागायला गेले. ते सासुरवाडीला गेले होते, सकाळी परस्पर सभेला येणार होते.

रविवारी दहाला धुलाईघरात अकरा सभासद जमले. टायवाला नवा टाय लावून आला होता. टेलिफोन आपल्या खोलीच्या दारात उभे होते, मागे भांड्यांचे खोके. कोणी काही बोलायच्या आतच सेक्रेटरींनी माझे पत्र उघडले. “...सदर इसमाने हेतुपुरस्सर चुकीची तार जोडली असून, कंपनीच्या प्रतिनिधीशी त्याचे संधान असावे असा सबळ संशय आहे...” माझीच भाषा माझ्या कानांवर पडत होती. सगळ्या माना दाराकडे वळल्या. टेलिफोन माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. आता ही बाई उरलेलेही सांगणार, अशा नजरेने.

मी उठले. “ते पत्र चुकीचं आहे.”

“काकू, रोजनिशीवरून उतरवलंय असं तुम्हीच लिहिलंय.”

“शुक्रवारचं उतरवलं. बुधवारचं राहिलं.” मी वही उघडून बुधवारची ओळ वाचली. “यांच्या खुणा मी हलवल्या. यांना न विचारता. चुकीची तार माझ्यामुळे जोडली गेली. काल दुरुस्त झाली, यंत्र नवी नोट घेतंय.”

कोणीतरी हसले. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “या वयात मस्ती करता?” मला वाटले, सुटले.

पण सेक्रेटरी चिकट माणूस. त्यांनी कपाळाला आठी घातली. “एक कळलं नाही. तारा रंगीत असतात. मग यांना लोकरीच्या खुणा लागतात कशाला?”

वन्संनी सुया थांबवल्या. माझ्या हातात वही होती आणि शनिवारचे सगळे पान तिच्यात लिहिलेले होते, ठिपक्यांच्या पुस्तकासकट.

“टेलिफोन खात्यातली पद्धत आहे ती,” मी म्हटले. “जमिनीखाली तारांचे रंग विटतात. गाठी विटत नाहीत. केबलजोडारी गाठींवरच चालतात.”

“असं?” सेक्रेटरी टेलिफोनकडे वळले.

“सगळेच नाही,” टेलिफोन म्हणाले. “काही जण.”

शिक्षिकाबाईंनी आपली नोट यंत्रात घातली. बिल्ले पडले. मत घेतले गेले तेव्हा सात हात यंत्र ठेवण्याच्या बाजूने वर झाले, चार टायवाल्याच्या. लगेच दुसरा ठराव आला तो सर्वानुमते: दुसरी किल्ली माझ्याकडून काढून शिक्षिकाबाईंना द्यावी. मी ती तिथेच काढून दिली.

घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, “वहिनी, किती सफाईने खोटं बोललात! मला नव्हतं माहीत, तुम्हाला येतं.”

“मलाही नव्हतं माहीत.”

त्यानंतर टेलिफोन चार वर्षे त्या कामावर आणि त्या खोलीत राहिले. माझ्याशी नीट बोलत, धुलाईची पाळी राखून ठेवत. पण यंत्राचे दार उघडे असताना मी जवळ गेले की काम थांबवून उभे राहत. “बाई, हात मागे,” म्हणत, लोक असले तरी. एकदा मी विचारले, “अजून विश्वास नाही का?”

“तुमच्यावर आहे. तुमच्या टापटिपीवर नाही.”

गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ते काम सोडून मुलीकडे राहायला गेले. निघायच्या दिवशी मी खाली जाऊन विचारले, “तुमच्यावर लिहू का? सगळं, डोळ्यांचंसुद्धा?”

ते खोक्याला दोरी बांधत होते. गाठ पक्की करून म्हणाले, “लिहा. आता कोण काढून टाकणार मला? पण छापायला देण्याआधी ताईंना वाचून दाखवा. तुम्ही एकट्याच लिहीत बसलात तर काहीतरी जुळवून ठेवाल.”

वन्संना दाखवले आहे. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली.